स्पॉट कुठे मारू, ताई? : वाचकांचे थ्रीडी लायटिंगचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की थ्रीडीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या खोलीत किंवा सेटवर, लाइट लावताना तुमचं कुठे अडतं ते कळवा, आणि मग काय, मेलबॉक्स भरला. निम्म्याच्या वर प्रश्न एकट्या स्पॉटलाइटचे निघाले. खरं सांगायचं तर नवल नाही वाटलं, कारण पॉइंट लाइट (बल्बसारखा सगळीकडे उजेड टाकणारा) कुठेही टांगला तरी चालतो, सन (उन्हासारखा एकाच दिशेने येणारा) नुसता फिरवला तरी चालतो, पण स्पॉटला नेम धरावा लागतो, आणि नेम म्हटला की चुकणं आलंच. मी कॉम्प्युटरकडे वळायच्या आधी बरीच वर्षं नाटकांचे लाइट केलेत, शिडीवर चढून तापलेला पार कॅन (डब्यासारखा स्टेजचा दिवा) फडक्याने धरून फिरवलाय आणि खालून कोणीतरी "अजून थोडा डावीकडे, अरे तुझ्या नाही माझ्या डावीकडे" असं ओरडतंय, हे सगळं अंगात मुरलंय. त्यामुळे उत्तरांत मधेमधे रंगमंच डोकावणार, सांभाळून घ्या.

"ताई, मी इंटिरिअर डिझाईनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, स्केचअपमध्ये मॉडेल करते आणि व्हीरेमध्ये त्याचं उजेडासकट चित्र काढते. सोफ्यामागच्या भिंतीवर मोठं पेंटिंग आहे, त्यावर फॉल्स सीलिंगमधून स्पॉट मारलाय, पण चित्राचा वरचा भाग पांढराफट्ट आणि खालचा अर्धा अंधारात. लांब नेला तर काचेत दिवाच दिसतो. ज्युरीत एक सर म्हणाले हे पेंटिंग आहे की ट्यूबलाइट. दिवा किती लांब ठेवायचा याचा काही हिशोब असतो का, की अंदाजानेच?" (नाशिक)

हिशोब असतो, आणि तो तुझ्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासून आर्ट गॅलरीवाले वापरतायत. दिव्यापासून सरळ खाली एक ओळंबा सोडलास असं समज, त्या ओळंब्याशी तुझ्या उजेडाची रेघ ३० अंशांचा कोन करायला हवी आणि ती रेघ चित्राच्या मध्यावर टेकायला हवी. एवढंच. यापेक्षा सरळ खाली मारलास तर उजेड भिंतीला घासत जातो, फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि प्लास्टरचे उंचवटे सगळे उठून दिसतात. यापेक्षा आडवा मारलास तर काचेत चमक येते आणि चित्र बघायला उभा राहिलेला माणूस स्वतःच्याच सावलीत चित्र बघतो.

आता तुझी खोली घेऊ. सीलिंग २.७ मीटर, चित्राचा मध्य जमिनीपासून १.५ मीटर, म्हणजे मधली उंची १.२ मीटर. तिला ०.५८ ने गुण, झाले साधारण ०.७ मीटर. दिवा भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर. माझी पैज आहे की तुझा आत्ता फूटभरावर आहे, कारण सगळेच तिथेच लावतात, प्लॅनमध्ये तो तिथे छान दिसतो.

मग कोन किती ठेवायचा. त्या ७० सेंटिमीटरवरून चित्राच्या मध्यापर्यंतचं तिरकं अंतर होतं जवळपास १.४ मीटर, तिथे २४ अंशांचा दिवा सुमारे ६० सेंटिमीटरचा गोल टाकतो आणि ३६ अंशांचा सुमारे ९० सेंटिमीटरचा. तुझं चित्र चार फूट रुंद असेल तर एका दिव्याच्या मागे लागूच नको, ३६ चे दोन लाव.

पण इथे एक गोम आहे आणि ती कोणी शिकवत नाही. दुकानातल्या दिव्याच्या खोक्यावर २४ अंश लिहिलेलं असतं ते म्हणजे उजेड जिथे मध्यापेक्षा निम्मा होतो तिथपर्यंतचा कोन. त्याच्या बाहेरही उजेड असतो, हळूहळू विरत जातो. सॉफ्टवेअरमधल्या स्पॉटचा कोन मात्र जिथे उजेड संपतो तिथपर्यंतचा असतो, त्यापुढे मिट्ट काळोख. म्हणजे तू खोक्यावरचं बघून २४ टाकलंस की भिंतीवर पोळपाटासारखी कापलेली थाळी उमटणार. त्यापेक्षा कोन ४० - ४५ घे आणि व्हीरेमधला पेनम्ब्रा अँगल वाढवून कड विरव, मग ते खऱ्या २४ च्या दिव्याच्या जवळ जातं. किंवा सरळ आयईएस फाइल वापर. आयईएस म्हणजे त्या दिव्याचा उजेड कुठल्या दिशेला किती जातो याची मोजून केलेली नोंद, १९८६ पासून हा फॉरमॅट चालू आहे, मोठ्या दिवेवाल्या कंपन्या आपापल्या साइटवर फुकट देतात. भिंतीवर ते सुंदर कमानीसारखे उजेडाचे आकार दिसतात ना ते बहुतेक वेळा आयईएसचेच असतात.

आणि हो, हे सगळं करूनही स्पॉट दिसतच नाहीये असं झालं तर आधी सन बंद आहे का बघ. भर दुपारचं ऊन साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं आणि घरातला संध्याकाळचा उजेड १०० ते ३०० लक्स. व्हीरेचा कॅमेरा उन्हासाठी लावलेला असेल, म्हणजे ईव्ही (कॅमेऱ्याच्या एक्स्पोजरचा आकडा) १४ च्या आसपास, तर घरातला स्पॉट त्याला काजव्याएवढाही दिसणार नाही. मुलं मग काय करतात, दिव्याची पॉवर हजारपट करतात. तसं नको. सन बंद कर आणि ईव्ही ८ च्या जवळ आण, एवढ्यानेच ६४ पट फरक पडतो कारण एकेक ईव्ही म्हणजे दुप्पट.

"ताई नमस्कार. मी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर घरीच शिकतोय. स्पॉट लाइट घेतला की तो सरळ खाली बघतो, मग मी आर दाबून फिरवतो, मग जी दाबून हलवतो, मग परत फिरवावा लागतो, असं अर्धा अर्धा तास जातो. माऊसनेच करायचं असतं का हे सगळं?" (सांगली)

नाही रे बाबा. आर दाबून स्पॉट फिरवणं म्हणजे डोळे झाकून दहीहंडी फोडणं. तीन रस्ते सांगते, तुला आवडेल तो घे.

सगळ्यात पटकन म्हणजे लाइट सिलेक्ट करायचा, शिफ्ट टी दाबायचं आणि ज्या वस्तूवर उजेड हवा तिच्यावर माऊस नेऊन क्लिक करायचं, दिवा तिकडे वळतो. ब्लेंडर २.८ मध्ये आलं हे, २०१९ साली, तरी बऱ्याच जणांना माहीतच नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एक एम्प्टी (चित्रात न दिसणारी नुसती खूण) घ्यायचा, तो मूर्तीच्या चेहऱ्यावर किंवा टेबलावरच्या कपावर नेऊन ठेवायचा, आणि लाइटला ट्रॅक टू कन्स्ट्रेंट लावून टार्गेट म्हणून तो एम्प्टी द्यायचा. ट्रॅक अॅक्सिस मायनस झेड, अप वाय, कारण ब्लेंडरचा दिवा त्याच्या मायनस झेडकडे बघतो. आता दिवा कुठेही ओढ, नजर एम्प्टीवरच राहणार. दिवा बदलायचा असेल तर दिवा हलव, नेम बदलायचा असेल तर एम्प्टी हलव, दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या की डोकं शांत राहतं. थ्रीडीएस मॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला टार्गेट स्पॉट म्हणजे हेच, फक्त तिथे ते आयतं मिळतं.

तिसरा माझा लाडका. लाइट सिलेक्ट करून कंट्रोल आणि नमपॅड शून्य दाब, तू दिव्याच्या डोळ्यातून बघायला लागशील. जे तुला दिसतंय त्यावरच उजेड पडणार, जे कशाच्या तरी मागे लपलंय तिथे सावली, याच्याइतकं साधं गणित दुसरं नाही. व्ह्यू टॅबमधलं लॉक कॅमेरा टू व्ह्यू चालू केलंस तर मग कॅमेरा फिरवतो तसा दिवाच फिरव. झालं की खरा कॅमेरा सिलेक्ट करून परत तेच बटण दाबायला विसरू नको, नाहीतर रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र, दिव्याच्या डोळ्यातून निघेल आणि मला परत मेल येईल.

"मी १९९८ पासून थ्रीडीएस मॅक्सवर काम करतोय, आता रिटायर झालोय, नातवाला शिकवतो. तो म्हणतो आजोबा तुमचा स्पॉट टॉर्चसारखा दिसतो, खोटा वाटतो. आमच्या काळी तर हेच चालायचं. नेमकं चुकतंय काय?" (ठाणे)

काका, चूक तुमची नाही, चूक डिफॉल्टची. मॅक्सच्या स्टँडर्ड स्पॉटमध्ये हॉटस्पॉट ४३ आणि फॉलऑफ ४५ येतो, म्हणजे पूर्ण उजेडापासून पूर्ण अंधारापर्यंत जायला फक्त दोन अंश मिळतात, मग कड सुरीने कापल्यासारखी दिसणारच. हॉटस्पॉट १५ - २० वर आणा, फॉलऑफ आहे तसा राहू दे किंवा थोडा वाढवा, बघा लगेच उजेड मऊ होतो.

दुसरं म्हणजे डीके. त्या जुन्या दिव्यांना डीके टाइप नन असतो, म्हणजे दिवा एका फुटावर असो की शंभर फुटांवर, उजेड तेवढाच. त्या काळात मशीन इतकी हळू होती की हे सोयीचं होतं, आणि तुमच्यासारख्यांनी त्यातूनच कमाल कामं केली हे मी मान्य करते. पण खऱ्या जगात अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. इन्व्हर्स स्क्वेअर लावा आणि मल्टिप्लायर, म्हणजे दिव्याची ताकद, वाढवा. शॅडोचा टिकमार्कही बघा, जुन्या दिव्यांना तो स्वतः द्यावा लागायचा, आणि सावली न टाकणारा दिवा नातवाला खोटाच वाटणार.

एक मात्र त्याला तुम्ही शिकवा. डॉलरचं बटण, म्हणजे शिफ्ट चार, दाबलं की सिलेक्ट केलेल्या स्पॉटमधून दिसतं. वर सांगलीच्या मुलाला जे सांगितलं तेच, पण तुमच्याकडे ते किती जुनं आहे बघा.

"ब्लेंडरमध्ये स्पॉटला १ लाख वॅट दिले तरी काळंच. काय करू." (कोल्हापूर)

मॉडेल कुठून आणलंस ते लिहिलं नाहीस पण मी सांगते, ऑटोकॅड किंवा स्केचअपमधून आणलंस आणि मिलिमीटरचे मीटर झाले. एन दाबून डायमेन्शन बघ, तीन मीटरची खोली तीन किलोमीटरची निघेल. खोली हजारपट मोठी झाली की उजेड १० लाख पट लागतो, कारण वर्ग होतो ना. म्हणजे जिथे १०० वॅटमध्ये भागलं असतं तिथे तुला १० कोटी टाकावे लागतील, एवढी वीज महावितरणही देणार नाही. मॉडेल ०.००१ ने स्केल कर, कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय कर. तरीही काळं असेल तर दिवा लॅम्पशेडच्या बंद मेशमध्ये कोंडला गेलाय का बघ, निम्म्या वेळा तेच असतं.

"ताई, आमच्या गावच्या मंडळाचं मराठी नाटक आहे, मी सेट ब्लेंडरमध्ये करून दाखवणार आहे दिग्दर्शकाला, म्हणजे लाइटचं आधीच ठरवता येईल. दोन अडचणी आहेत. एक, आमच्याकडे हजार वॅटचे पार आहेत म्हणून मी १००० टाकतो पण तसं दिसत नाही. दोन, स्टेजवर वरून खाली येणारा उजेडाचा तो खांब दिसतो तो माझ्याकडे दिसतच नाही, नुसता जमिनीवर गोल." (फोंडा, गोवा)

काय छान काम करतोयस. गोव्यात नाटक करणाऱ्याला उत्तर द्यायचं म्हणजे जरा जपूनच, तिकडे जत्रेत रात्रभर नाटक बघणारी माणसं बसलेली असतात आणि चूक लगेच दाखवतात.

आधी वॅट. तुझ्या पारवर लिहिलेले १००० वॅट म्हणजे तो किती वीज खातो ते, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून जातो, पार हातात धरलेल्या कोणालाही विचार. ब्लेंडरचे वॅट म्हणजे बाहेर पडणारा उजेड. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब घे, त्यातून डोळ्याला दिसणारा उजेड दोन-तीन वॅटचाच असतो. म्हणजे हे दोन आकडे एकमेकांशी जुळवायला जायचंच नाही. त्यात आणखी एक, ब्लेंडरचा स्पॉट म्हणजे सगळीकडे उजेड टाकणारा बल्ब आणि त्याला बाहेरून घातलेली नरसाळ्याची टोपी. कोन लहान केलास तर टोपी लहान होते पण मधला उजेड वाढत नाही. खऱ्या पारमध्ये मागे आरसा असतो, तो सगळा उजेड गोळा करून पुढे फेकतो, म्हणून अरुंद पार मधोमध जास्त प्रखर असतो. तुमच्याकडे सीपी ६०, ६१, ६२ असे बल्ब असतील ना, वॅट सगळ्यांचे तेवढेच, पण ६० अगदी अरुंद आणि प्रखर, ६२ पसरट आणि मवाळ. ब्लेंडरमध्ये हा फरक तुला हाताने द्यावा लागणार, कोन कमी केला की पॉवर वाढव. सोप्यात सांगायचं तर एक पार डोळ्याला पटेल असा लाव, मग बाकीचे त्याच्या तुलनेत लाव, दिग्दर्शकाला आकडे नाही दिसत, कोण कोणापेक्षा उजळ आहे तेवढं दिसतं.

अजून एक बारीक गोष्ट जी बघून तुमचा लाइटवाला खूश होईल. पारचा उजेड गोल नसतो, लंबगोल असतो, बल्ब मागून फिरवला की तो लंबगोल फिरतो. ब्लेंडरमध्ये स्पॉट एस दाबून फक्त एक्समध्ये स्केल केलास की तसाच लंबगोल मिळतो.

आता तो खांब. तुझ्याकडे दिसत नाही कारण तुझ्या सीनमध्ये हवाच नाही. घरी दुपारी खिडकीच्या फटीतून कवडसा येतो तो आपल्याला का दिसतो, तर त्यात धूळ तरंगत असते म्हणून, स्वच्छ हवेत उजेड नुसता निघून जातो. स्टेजवर म्हणूनच धुराचं मशीन लावतात. ब्लेंडरमध्ये स्टेजएवढा एक क्यूब घे, मटेरियलमधला सरफेस काढून टाक आणि व्हॉल्यूममध्ये प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम लाव, डेन्सिटी ०.०२ पासून सुरुवात कर. डिफॉल्ट १ ठेवलीस तर माथेरानचं पावसाळी धुकं होईल, काहीच दिसणार नाही. बरेच जण धूर वर्ल्डलाच, म्हणजे सीनभोवतीच्या आभाळालाच लावतात, ते करू नकोस, वर्ल्डचा धूर अनंतापर्यंत पसरतो आणि सन किंवा एचडीआरआयचा (आभाळाच्या फोटोतून येणारा) उजेड वाटेतच गिळून टाकतो. क्यूबच बरा.

ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये हा धूर दाणेदार येईल आणि रेंडरला वेळ लागेल, दिग्दर्शकाला दाखवायचंय तर इव्ही (Eevee) या झटपट इंजिनमध्ये कर, चालतं. वर नाशिकला सांगितलेला कॅमेऱ्याचा ईव्ही वेगळा. खांब पुसट वाटला तर दिव्याची पॉवर नको वाढवू, मागचा पडदा काळा कर. रंगमंचावर मागे काळा पडदा का असतो ते तेव्हा कळेल.

आणि नटांवर लाइट कसा मारायचा विचारलं नाहीस पण सांगून टाकते. अमेरिकेत येलला स्टॅन्ली मॅककॅन्डलेस म्हणून मास्तर होते, त्यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत मांडली ती आजही आपल्या गावोगावच्या स्टेजवर चालते, करणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी. नटाच्या पुढून दोन बाजूंनी दोन दिवे, दोन्ही ४५ अंश वरून आणि ४५ अंश कडेने, एक उबदार, एक गार. चेहऱ्याला आकार येतो, सपाट होत नाही. हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा असतो, ब्लेंडरमध्ये एका दिव्याला तसा पिवळसर रंग दे, दुसऱ्याला निळसर दे, म्हणजे तुमचं जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद) झालं. फक्त खालून दिवा मारू नकोस, भुताची एन्ट्री असल्याशिवाय.

"स्पॉटचे कण कण येतात रेंडरमध्ये, पांढरे ठिपके. सॅम्पल ४०९६ केले तरी." (बंगळुरू)

सॅम्पल, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड किती वेळा मोजायचा तो आकडा, खाली आण, उगीच मशीन तापवतोयस. दिव्याची रेडियस शून्याच्या जवळ ठेवली असशील आणि समोर काच किंवा चकचकीत धातू असेल, तिथून उसळलेला उजेड ठिपके करतो. रेडियस पाच-दहा सेंटिमीटर कर, सावल्याही मऊ होतील. क्लॅम्पिंगमध्ये (अति उजळ ठिपक्यांवरची मर्यादा) इनडायरेक्ट १० असतं ते ३ - ४ कर, आणि डिनॉइज (कण पुसणारी सोय) चालू कर, तो ओपन इमेज डिनॉइज २०१९ च्या २.८१ पासून फुकट बसलाय तिथे.

"ताई, आम्ही मंडळाची पोरं. यंदा देखाव्याचं थ्रीडी मॉडेल आधी करायचं ठरलं, म्हणजे मांडववाल्याला आणि लाइटवाल्याला नीट दाखवता येईल. गाभाऱ्याचा सेट आहे, दगडी खांब, मध्ये बाप्पा. १८ स्पॉट लावलेत, सगळ्या बाजूंनी. तरी सगळं सपाट दिसतंय, फोटोवर ट्यूबलाइट पाडल्यासारखं. अजून किती लावू?" (पुणे)

एकही नको. १७ बंद करा.

अरे खरंच सांगते. अठरा दिशांनी उजेड आला की प्रत्येक दिव्याने टाकलेली सावली दुसरा दिवा पुसून टाकतो, आणि सावली पुसली की दगडाचा दगडपणा जातो, मूर्तीच्या सोंडेची वळणं जातात, राहतं ते नुसतं चित्र. नाटकात आमच्याकडे नवीन पोरगं आलं की ते पहिल्याच दिवशी सगळे डिमर वर ढकलायचं, आमचे जुने उस्ताद तेव्हा ओरडायचे नाहीत, फक्त मेन बंद करायचे आणि अंधारात एक बीडी पेटवायचे, आणि म्हणायचे बघ, दिसतंय की नाही सगळं.

तर असं करा. आधी वर्ल्डचा रंग पूर्ण काळा करा, ब्लेंडर तिथे एक गडद राखाडी ठेवून देतं आणि तो सावल्या भरत राहतो, कोणाच्या लक्षात येत नाही. मग एकच स्पॉट, मूर्तीच्या उजव्या किंवा डाव्या बाजूने, कपाळाच्या वरून, साधारण ४५ अंशांवरून, नेम चेहऱ्यावर. पायांवर नाही, मुकुटावर नाही, डोळ्यांवर. कोन एवढाच की चेहरा आणि छाती त्यात बसेल. आता बघा, सोंडेची सावली पोटावर पडली पाहिजे, आणि मुकुटाची सावली डोळ्यांवर येत असेल तर दिवा थोडा खाली आणा. यावर वेळ घालवा, एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल, कारण लोक लांबून रांगेत येतात आणि त्यांना आधी चेहरा हवा असतो.

तो जमला की दुसरा, मागून. मूर्तीच्या मागे वर, खांद्यांच्या आणि मुकुटाच्या कडेला नुसती उजेडाची रेघ येईल एवढाच. हा मागचा दिवा नसला तर काळ्या दगडाच्या गाभाऱ्यात मूर्ती भिंतीत बुडते. हा पहिल्यापेक्षा प्रखर असला तरी चालतो, पण कॅमेऱ्यात येऊ देऊ नका.

मग खांब. खांबांना समोरून नका मारू, पायथ्याशी दिवा ठेवून वर घासत न्या, दगडावरचा टाकीचा प्रत्येक घाव उठून दिसेल. वर नाशिकच्या मुलीला मी सांगितलं भिंतीला घासणारा उजेड नको, इथे तोच हवा, तिला चित्र दाखवायचंय आणि तुम्हाला दगड. दोन खांब पुढचे उजेडात, मागचे दोन अर्धे अंधारात सोडा. सेटला खोलपणा असा येतो.

इथवर तुमचे सहा-सात दिवे झाले असतील. पोरांना वाटेल की खर्च वाचला, मंडळाच्या खजिनदाराला हे जरूर दाखवा.

समईचं विसरू नका. गाभारा म्हटला की समई असणारच, तिच्या ज्योतींचा उजेड स्पॉटने नका करू, छोटे पॉइंट लाइट ठेवा, २००० केल्विनच्या आसपासचे, आणि बाप्पावरचा मुख्य स्पॉटही त्याच बाजूने आणा, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की उजेड समईचाच आहे. तो कधीच समईचा नसतो, पण डोळ्याला दिशा पटली की बाकी सगळं पटतं.

कोणीतरी हुशार पोरगा म्हणेल की ब्लेंडर ४.० पासून लाइट लिंकिंग आलंय, म्हणजे हा दिवा फक्त मूर्तीवर पडू दे आणि खांबावर नको असं सांगता येतं. येतं, खरं आहे. पण तुम्ही हे प्रत्यक्षात उभारणार आहात ना, मांडवातल्या लाइटवाल्याकडे तसं बटण नाही. त्याच्याकडे काळा पत्रा आणि बांधायची तार आहे. म्हणून तुमच्या मॉडेलमध्येही नको असलेला उजेड अडवायचा असेल तर दिव्याच्या पुढ्यात एक काळं प्लेन आडवं धरा, तेच उद्या तो पत्र्याने करेल.

आणि खरा मांडव बघायला लोक तीन बाजूंनी येतात, तुमचा कॅमेरा एकाच बाजूला आहे. अजून दोन कॅमेरे लावा, एक रांगेच्या सुरुवातीला, एक बाहेर पडायच्या दाराशी, लहान मुलाच्या उंचीवर. तिन्हीकडून रेंडर काढा आणि बघा कुठल्या दिव्याची थेट चमक डोळ्यात येते, त्याला आत्ताच पत्रा लावा. तिन्ही रेंडर मला पाठवा, पुढच्या अंकात छापू, पण १८ दिवे परत लावलेले असतील तर नका पाठवू.